‘घरातल्या चार घासांनी काय होणार?’ : सर्वदूर पसरलेल्या एका समजाला उत्तर

अन्नाची नासाडी टाळण्याविषयी कोणी काही लिहिले की त्याला उत्तर म्हणून एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. तो इतक्या लोकांनी इतक्या वेळा पुढे पाठवलेला आहे की त्याचा मूळ लेखक कोण हे विचारण्यात आता अर्थ राहिलेला नाही. त्याचा आशय थोडक्यात असा आहे : ‘अन्न खरे वाया जाते ते शेतांत, गोदामांत, दुकानांत आणि हॉटेलांत, घरातली नासाडी त्यापुढे नगण्य आहे. शिवाय अन्न म्हणजे प्लास्टिक नव्हे, ते कुजून मातीच होते आणि फार तर त्याचे कंपोस्ट करावे. उरलेले टिकवायचे म्हटले तर फ्रीजची वीज आणि वेष्टनांचे प्लास्टिक खर्ची पडते, आणि तारीख उलटलेले किंवा शिळे खाल्ले तर माणूस आजारी पडतो. आपण ताट स्वच्छ केले म्हणून एखाद्या उपाशी माणसाच्या पोटात घास जात नाही. तेव्हा सामान्य माणसाने ही अपराधीपणाची भावना सोडून द्यावी.’

हा युक्तिवाद मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण त्यातली काही विधाने खरी आहेत आणि एक तर अगदी मनापासून मान्य करण्यासारखे आहे. परंतु त्या सगळ्यांची मोळी बांधून काढलेला निष्कर्ष, म्हणजे घरातल्या सवयी बदलण्यात काही राम नाही, हा चुकीचा आहे. म्हणून एकेक मुद्दा सुटा करून पाहतो.

‘घरातली नासाडी नगण्य आहे’

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये अन्ननासाडीचा निर्देशांक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात किरकोळ दुकाने, खानपान सेवा आणि घरे या तीन ठिकाणी मिळून जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यांपैकी दुकानांचा वाटा १३.१ कोटी टनांचा म्हणजे सुमारे १२ टक्के होता. हॉटेले, खानावळी, उपाहारगृहे यांसारख्या खानपान सेवांचा २९ कोटी टनांचा म्हणजे सुमारे २८ टक्के होता. आणि उरलेले ६३.१ कोटी टन, म्हणजे तब्बल ६० टक्के, घरांतून गेले होते. माणशी हिशेब केला तर वर्षाला ७९ किलो, म्हणजे आठवड्याला दीड किलो. या आकड्यांत साली, बिया, हाडे असा खाता न येणारा भागही धरलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ती अट तिन्ही ठिकाणांना सारखीच लागू असल्यामुळे घर ‘नगण्य’ ठरत नाही. उलट दुकाने आणि खानपान सेवा यांची बेरीज केली तरी ती घरांच्या आकड्यापर्यंत पोहोचत नाही.

मग घर नगण्य आहे ही समजूत आली कुठून? माझ्या मते ती एका जुन्या आणि त्या काळी योग्यच असलेल्या आकडेवारीतून आली आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये जो बहुचर्चित अंदाज मांडला, त्यात माणसांसाठी पिकवलेल्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे १३० कोटी टन, खाल्ले न जाता संपते असे म्हटले होते. त्याच अंदाजात युरोप आणि उत्तर अमेरिकेतील ग्राहक माणशी वर्षाला ९५ ते ११५ किलो अन्न टाकतात, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका आणि दक्षिण व आग्नेय आशिया येथे हे प्रमाण अवघे ६ ते ११ किलो आहे, असेही म्हटले होते. त्यावरून एक सोपे चित्र तयार झाले : श्रीमंत देशांत अन्न घरात वाया जाते, बाकी सर्वत्र ते वाटेतच वाया जाते. पुढे प्रत्यक्ष कचरा वजन करून पाहणारे अभ्यास वाढले तसे हे चित्र टिकले नाही. २०२४ च्या अहवालात उच्च, उच्च-मध्यम आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या सरासरी घरगुती नासाडीतला फरक माणशी वर्षाला केवळ ७ किलोंचा निघाला. चित्र बदलले, पण त्यावर बेतलेला संदेश मात्र तसाच फिरत राहिला.

कापणीनंतर आणि दुकानात पोहोचण्यापूर्वी होणारे नुकसान खोटे आहे, असे यातून मुळीच सुचवायचे नाही. ते सुमारे १३ ते १४ टक्के आहे, आणि गोदामे, शीतगृहे, रस्ते यांवाचून ते कमी होणार नाही. दुकानेही निर्दोष नाहीत. एकावर एक फुकट देण्याच्या योजना, गरजेपेक्षा मोठी पाकिटे आणि दिसायला वाकडी म्हणून नाकारलेली भाजी ही त्यांची जबाबदारी आहे. परंतु संदेश लिहिणाऱ्याने एक गोष्ट नजरेआड केली आहे. अन्न जितके पुढे सरकते तितका त्याच्यावर अधिक खर्च झालेला असतो. शेतातच राहून गेलेल्या बटाट्यावर पाणी, खत आणि मशागत खर्च झाली आहे; तोच बटाटा सोलून, शिजवून, फ्रीजमध्ये चार दिवस ठेवून मग टाकला, तर त्यावर वाहतूक, साठवण, वेष्टन, स्वयंपाकाचे इंधन आणि माणसाचे कष्ट यांचीही भर पडलेली असते. साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर टाकलेला किलो हा साखळीतला सर्वांत महागडा किलो असतो, आणि तो टप्पा नेमका आपल्या हातात असतो.

‘अन्न कुजून मातीच होते’

हे विधान झाडाखाली पडलेल्या फळाबद्दल खरे आहे. कचऱ्याच्या पिशवीत बांधून कचराभूमीवर गेलेल्या फळाबद्दल ते खरे नाही. मोकळ्या हवेत ऑक्सिजनच्या साहाय्याने जगणारे जिवाणू अन्नाचे विघटन करतात आणि त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कचऱ्याच्या ढिगाऱ्यात, थरांवर थर दाबले गेल्यावर, आत हवा उरत नाही. तेथे वेगळे जिवाणू काम करतात आणि त्यांच्या कामातून जो वायू निघतो त्यात जवळपास निम्मा मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता वाढवतो, आणि वीस वर्षांचा हिशेब धरला तर सुमारे ८० पट.

कचराभूमीवरचा वायू नळ्या टाकून गोळा करता येतो, मग काळजी कशाला, असे यावर कोणी म्हणेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये नेमका हाच हिशेब केला. तेथील शहरी कचराभूमींतून वातावरणात निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के मिथेन अन्नाच्या कचऱ्यातून येतो, आणि पुरलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या मिथेनपैकी ६१ टक्के मिथेन वायू गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या हाती लागतच नाही, असा अंदाज त्यांनी दिला. कारण समजायला सोपे आहे : लाकूड, कागद सावकाश कुजतात, अन्न मात्र झपाट्याने कुजते, त्यामुळे ढिगाऱ्याचा तो भाग झाकून नळ्या बसवेपर्यंत बराचसा वायू निघून गेलेला असतो.

समजा, मिथेनचा प्रश्न उद्या पूर्ण सुटला, तरीही ‘मातीच होते’ हे उत्तर अपुरे राहते, कारण अन्न टाकण्याची किंमत कुजण्यापासून सुरू होत नाही, ती पेरणीपासून सुरू होते. माणूस नद्या, तलाव आणि भूगर्भातून जे गोडे पाणी उपसतो त्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीकडे जाते. जगाच्या सरासरीने, पावसाचे पाणी धरून, एक किलो बटाट्यामागे सुमारे २९० लिटर, एक किलो सफरचंदांमागे सुमारे ८२० लिटर, एक किलो तांदळामागे सुमारे २५०० लिटर आणि एक किलो गोमांसामागे सुमारे १५,४०० लिटर पाणी लागते. हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनापैकी साधारण एक चतुर्थांश उत्सर्जन अन्न पिकवण्या-पोहोचवण्यातून होते. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०१९ च्या जमीनविषयक अहवालात, २०१० ते २०१६ या काळासाठी, वाया गेलेल्या अन्नाचा वाटा माणसाने केलेल्या एकूण उत्सर्जनाच्या ८ ते १० टक्के एवढा धरला आहे. टाकलेला भात कुजून माती झाला, हे मान्य. पण त्यासाठी वापरलेले पाणी नदीत परत गेले नाही आणि जाळलेले इंधनही परत आले नाही.

‘फार तर कंपोस्ट करावे’

कंपोस्ट ही चांगलीच गोष्ट आहे, आणि साली, देठ, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले यांसाठी तिला दुसरा चांगला पर्याय नाही. पण खाण्याजोग्या अन्नाच्या नासाडीवर कंपोस्ट हा उपाय सांगणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कंपोस्टमधून मातीला सेंद्रिय अंश आणि काही पोषकद्रव्ये परत मिळतात; बाकी जे काही त्या अन्नावर खर्च झाले ते परत मिळत नाही. म्हणूनच वर उल्लेख केलेल्या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये उपायांची जी उतरंड मांडली, तिच्या शिखरावर अन्न वाया जाऊच न देणे आहे, नंतर ते दुसऱ्या माणसांना देणे आहे, मग जनावरांना खाऊ घालणे आहे, आणि कंपोस्ट त्यांच्याही खाली येते.

येथे एक अनुभव सांगतो. माझ्या घरी कंपोस्टची टोपली आली तेव्हा सुरुवातीच्या काही महिन्यांत आमच्याकडे अन्न टाकण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले. ‘वाया कुठे जाते आहे, खतच होणार आहे’ हे वाक्य इतके सोयीचे होते की अर्धी जुडी पालेभाजी टोपलीत टाकताना पूर्वी जो हात अडखळत असे तो अडखळेनासा झाला. टोपलीत काय जाते हे वेगळे लिहून ठेवू लागलो तेव्हा कुठे लक्षात आले की खाण्यासाठी आणलेले बरेच काही आम्ही थेट खत करण्यासाठी विकत घेत होतो.

‘फ्रीजची वीज आणि वेष्टनाचे प्लास्टिक जास्त नुकसान करते’

ज्या घरात फ्रीज आहे तेथे तो चोवीस तास चालूच असतो. त्यात उरलेल्या अन्नाचा आणखी एक डबा ठेवल्याने विजेचा जो जास्तीचा खर्च होतो तो ते अन्न पुन्हा पिकवून, आणून, शिजवण्याच्या खर्चापुढे अगदी किरकोळ असतो. वेष्टनाबद्दल बोलायचे तर, २०१८ मध्ये ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून असे दिसले की अन्नव्यवस्थेच्या एकूण उत्सर्जनात वेष्टनाचा वाटा ५ टक्क्यांच्या आणि वाहतुकीचा ६ टक्क्यांच्या आसपास आहे. बहुतांश भार शेतीचा आणि जमिनीच्या वापराचा आहे. म्हणजे ज्या वेष्टनामुळे एखादा पदार्थ आठवडाभर जास्त टिकतो आणि खाल्ला जातो, ते वेष्टन उत्सर्जनाच्या हिशेबात स्वतःची भरपाई बहुधा करून देते.

मात्र हा युक्तिवाद मी येथेच थांबवतो, कारण प्लास्टिकचा प्रश्न केवळ उत्सर्जनाचा नाही. ते शेकडो वर्षे उरते, पाण्यात जाते, बारीक कण होऊन सगळीकडे पसरते, आणि त्याचा हिशेब कार्बनच्या तराजूत मांडता येत नाही. सुदैवाने घरात ही निवड करावीच लागत नाही : झाकणाचा स्टीलचा किंवा काचेचा डबा तेच काम वर्षानुवर्षे करतो.

‘तारीख उलटलेले आणि शिळे खाल्ले तर माणूस आजारी पडतो’

संपूर्ण संदेशातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, कारण त्यातली भीती खरी आहे आणि त्यातली गल्लतही तितकीच मोठी आहे. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

पाकिटावरच्या तारखा सगळ्या एकाच अर्थाच्या नसतात. ‘बेस्ट बिफोर’ ही गुणवत्तेची तारीख आहे : तोपर्यंत चव, कुरकुरीतपणा, रंग उत्तम राहील अशी उत्पादकाने दिलेली हमी. ती उलटली की बिस्किट थोडे सादळेल किंवा मसाल्याचा वास मंदावेल. पाकीट नीट साठवलेले आणि बंद असेल तर त्याचे दुसऱ्या दिवशी विष होत नाही. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख आहे. ती लवकर नासणाऱ्या पदार्थांवर असते आणि ती उलटल्यावर पदार्थ दिसायला, हुंगायला ठीक वाटला तरी खाऊ नये. अन्नविषयक आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने २०१८ मध्ये आपल्या वेष्टनविषयक मानकात सुधारणा करून हा फरक अधिक स्पष्ट केला. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की युरोपीय संघातील अन्ननासाडीपैकी जास्तीत जास्त १० टक्के नासाडीचा संबंध या तारखांशी असू शकतो. जो संदेश दोन्ही तारखांना ‘एक्स्पायरी’ हे एकच नाव देऊन मोकळा होतो, तो या गोंधळात भर घालतो.

याच्या नेमक्या उलट टोकाचा सल्लाही बराच प्रचलित आहे : ‘तारखा विसरा, नाकावर विश्वास ठेवा.’ मी तोही नाकारतो, आणि हे अन्न वाचवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी अधिक ठासून सांगायला हवे. अन्न नासवणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू हे बहुधा वेगवेगळे असतात. पहिले वास, चिकटपणा, आंबटपणा निर्माण करून स्वतःची वर्दी देतात; दुसरे अनेकदा काहीही कळू देत नाहीत. लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर फ्रीजच्या थंडाव्यातही सावकाश वाढत राहतो. गर्भवती, तान्ही बाळे, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्या बाबतीत म्हणूनच जोखीम घ्यायची नाही.

उरलेल्या भाताचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात शिजल्यावर ओट्यावर तासन्‌तास कोमट राहिला तर त्या बीजाणूंमधून जिवाणू वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे नंतर कितीही कडकडीत गरम केले तरी उपयोग होत नाही. म्हणजे ‘शिळा भात धोकादायक’ हे अर्धेच खरे आहे. धोका शिळेपणात नसून फ्रीजमध्ये जाण्यापूर्वीच्या त्या बेफिकीर तासांत आहे. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत, उथळ डब्यात पसरून लवकर निववून, ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखालच्या थंडाव्यात ठेवले, तीन-चार दिवसांत संपवले आणि खाताना लागेल तेवढाच भाग ७४ अंशांपर्यंत, म्हणजे मध्यापर्यंत वाफाळेल असा, गरम केला, तर बहुतेक निरोगी माणसांसाठी ते सुरक्षित असते. चार दिवसांत संपणार नाही हे पहिल्याच दिवशी कळत असेल तर ते उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये जावे. तेथे जिवाणू मरत नाहीत, पण त्यांची वाढ थांबते.

काही गोष्टी मात्र टाकूनच द्याव्यात आणि त्या टाकताना हळहळू नये. ब्रेड, शिजवलेले अन्न, दही, मऊ फळे यांवर बुरशी दिसली तर दिसणारा डाग हा केवळ वरचा भाग असतो, तंतू आत गेलेले असतात. ते संपूर्ण टाकावे. गाजर, कोबी किंवा कडक चीज यांसारख्या घट्ट पदार्थात बुरशीच्या भोवतालचा आणि खालचा सुमारे अडीच सेंटिमीटर भाग कापून उरलेला वापरता येतो. बुरशी आलेले शेंगदाणे आणि धान्य अजिबात वापरू नये, कारण काही बुरशींपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवून नष्ट होत नाही. बटाट्याला थोडा हिरवेपणा आला असेल तर तो भाग आणि कोंब खोलवर कापून टाकावेत, बराच हिरवा किंवा कडू असेल तर बटाटाच टाकावा. याउलट केळ्याची काळी पडलेली साल, मऊ पडलेले गाजर, कोमेजलेली कोथिंबीर ही बिघाडाची लक्षणे नव्हेत. गाजर आणि पाने थंड पाण्यात ठेवली की गेलेले पाणी पुन्हा शोषून बऱ्यापैकी ताजी होतात.

संशय असलेले अन्न खाऊन टाकणे म्हणजे नासाडी टाळणे नव्हे, हे मला यातून सांगायचे आहे. नासाडी त्या क्षणी टळत नाही. ती तीन दिवस आधी, डबा फ्रीजमध्ये कुठे ठेवला आणि त्याची आठवण कोणाला राहिली, तेथेच टळते किंवा घडते.

‘उपाशी माणसाच्या पोटात घास जात नाही’

हे मला मान्य आहे. जगात ७० कोटींच्या आसपास माणसे उपाशी राहतात ती दारिद्र्य, युद्ध आणि अन्नापर्यंत पोहोच नसणे या कारणांनी. माझ्या ताटातला न टाकलेला घास त्यांच्यापर्यंत जाण्याचा मार्ग अस्तित्वात नाही. लहान मुलांना जेवताना ही उदाहरणे देणे म्हणूनच मला पटत नाही. परंतु जो दावा मुळात केलाच गेलेला नाही त्याचे खंडन करून संदेश विजय मिळवतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास ध्येयांत भूक संपवण्याचे ध्येय दुसऱ्या क्रमांकाचे आहे. दुकाने आणि ग्राहक यांच्या पातळीवरील माणशी नासाडी २०३० पर्यंत निम्मी करण्याचे लक्ष्य मात्र बाराव्या, म्हणजे जबाबदार उत्पादन व उपभोगाच्या ध्येयात आहे. नासाडी कमी करण्याचा लाभ जमीन, पाणी, हवा आणि घरचा खर्च या चार ठिकाणी दिसतो, आणि तो स्वतःच्या बळावर पुरेसा आहे. न उघडलेली, तारीख शिल्लक असलेली पाकिटे शेजाऱ्याला किंवा अन्नवाटप करणाऱ्या गटाला देणे एवढाच भूक आणि घरातली नासाडी या दोहोंतला खरा दुवा आहे.

‘सामान्य माणसाने केल्याने काही बदलत नाही’

हे संदेशात थेट लिहिलेले नसते, पण त्याचा सूर तोच असतो. त्याला उत्तर म्हणून दोन देशांचे आकडे पुरेत. २०२४ च्या त्याच अहवालात नोंद आहे की जपानने २००८ पासून आपली अन्ननासाडी ३१ टक्क्यांनी आणि ब्रिटनने २००७ पासून १८ टक्क्यांनी कमी केली. या घटीमागे दुकानांशी केलेले करार, कायदे, मोजणी आणि घरांसाठी चाललेल्या मोहिमा हे सगळे होते. निव्वळ लोकांच्या सद्भावनेने ती झाली असे मी म्हणणार नाही. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नाचा कचरा कचराभूमीत पुरण्यावर बंदी घातली आणि २०१३ पासून घरांकडून त्या कचऱ्याच्या प्रमाणात शुल्क घ्यायला सुरुवात केली. व्यवस्था बदलते तेव्हा ती शेवटी घरातल्या हातांकरवीच बदलते, आणि व्यवस्था की व्यक्ती, हा वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक हे विसरतात.

हे सगळे करायला वेळ कोणाला आहे, ही तक्रारही ऐकू येते. मी दोन आठवडे एका वहीत टाकलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद केली : काय टाकले, साधारण किती, आणि का. त्यात ताटात उरलेले अन्न फारच थोडे निघाले. बहुतेक नोंदी घरात आधीच असताना पुन्हा आणलेल्या, किंवा फ्रीजच्या मागच्या बाजूला जाऊन विसरल्या गेलेल्या वस्तूंच्या होत्या. म्हणजे ज्या शिस्तीची लोकांना धास्ती वाटते, ती जेवतानाची शिस्त फारशी लागतच नाही. बाजारात जाण्यापूर्वी फ्रीज उघडून पाहणे, एवढ्या एका मिनिटाने आमच्या निम्म्या नोंदी टळल्या असत्या. बाकीच्यांसाठी मी एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून डोळ्यांच्या पातळीवर राखून ठेवला आणि उरलेल्याच्या डब्यावर तारखेची चिठ्ठी लावू लागलो.

उरलेला भाग साठवणुकीच्या माहितीचा आहे. सफरचंद, पिकलेली केळी आणि टोमॅटो यांतून एथिलीन वायू सुटतो आणि त्याने शेजारच्या पालेभाज्या पिवळ्या पडतात, काकडी लवकर मऊ होते, गाजर कडवट होते. म्हणून ती वेगळी ठेवावीत. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत आणि कांद्यापासून दूर ठेवावेत. पालेभाजी ओली ठेवली तर कुजते, उघडी ठेवली तर सुकते. कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवली तर दोन्ही टळते. फ्रीजचे दार हा त्याचा सर्वांत उबदार भाग असतो, तेव्हा दूध आतल्या कप्प्यात ठेवावे. ब्रेड फ्रीजमध्ये लवकर कडक होतो. उरणार असेल तर कापे करून तो थेट फ्रीझरमध्ये टाकावा.

राहता राहिला अपराधीपणा. तो सोडून द्यावा, या एका सूचनेत मी त्या संदेशाशी पूर्ण सहमत आहे. अपराधीपणामुळे माणूस कमी टाकत नाही, उशिरा टाकतो : जे खाल्ले जाणार नाही हे ठाऊक असते तेही डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवतो, आणि ते पुरेसे बिघडले की निर्धास्तपणे फेकतो. त्याऐवजी टाकताना वहीत दोन शब्द लिहावेत, ‘दुबार आणले’, ‘मागे राहिले’, ‘जास्त शिजवले’, आणि पुढच्या वेळी तेवढे एकच कारण दुरुस्त करावे. माझ्या वहीत पहिल्या दोन आठवड्यांत पालेभाजी सात वेळा होती. महिन्याने पुन्हा दोन आठवडे नोंद केली तेव्हा ती दोनदा होती, आणि दोन्ही वेळा कारणाच्या जागी ‘जास्त आणली’ असे लिहिलेले होते. त्यानंतर आम्ही मोठ्या जुडीऐवजी लहान जुडी आणायला लागलो.